डिटेक्टर बंद होता, तरी समन्स कसं काय?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाहून आय-८१ हायवेने टेनेसीकडे निघालेल्या एका वाचकांना व्हर्जिनियात ट्रूपरने, म्हणजे राज्याच्या पोलिसाने अडवलं, स्पीडचं तिकीट दिलं आणि वर रडार डिटेक्टरचं (पोलिसांचं स्पीड मोजणारं रडार जवळ असलं की ड्रायव्हरला सावध करणारं यंत्र, व्हर्जिनियात त्याला बंदी आहे) वेगळं समन्स हातात ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की डिटेक्टर बंद होता, व्हर्जिनिया लागायच्या आधीच वायर काढून ग्लव्ह बॉक्समध्ये टाकला होता, मग गुन्हा कसला. शिवाय तीन प्रश्न: आता नवीन कोणता घेऊ, बॅटरीवाला की गाडीत कायमचा फिट करतात तो, ऑनलाइन पैसे भरून मोकळा होऊ का, आणि पोलिसांनी ठेवून घेतलेला डिटेक्टर परत मिळेल का. सुट्ट्या लागल्या की अशा मेल येतातच, म्हणून इथेच उत्तर देतो.

"बंद होता" हा बचाव व्हर्जिनियात टिकत नाही. कलम ४६.२-१०७९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की डिव्हाइस चालू होतं का, मुळात चालण्याच्या अवस्थेत होतं का, हे सरकार पक्षाला सिद्ध करायची गरज नाही, गाडीत सापडलं की प्रथमदर्शनी पुरावा झाला. तुमची सगळी केस याच कलमाच्या पोटकलम बी वर उभी आहे. त्यात सूट दिलीय ती अशी की त्या वेळी डिव्हाइसला पॉवर सोर्स नव्हता आणि ते ड्रायव्हरच्या किंवा कुठल्याही पॅसेंजरच्या सहज हाताशी नव्हतं. दोन्ही अटी एकदम पूर्ण व्हायला हव्यात, एक पाळली आणि एक सोडली तर उपयोग नाही.

वायर काढलीत, ठीक, पहिल्या अटीवर बोलायला जागा आहे, पण तीच वायर कप होल्डरमध्ये पडलेली होती, म्हणजे केव्हाही परत जोडता आली असती, असं तुम्हीच लिहिलंय. आणि ग्लव्ह बॉक्स म्हणजे तुमच्या मिसेसच्या गुडघ्यांसमोर, लॉक नाही, हात पुढे केला की डिटेक्टर हातात. याला "सहज हाताशी नव्हतं" म्हणणारा जज मिळेलही कदाचित, मी त्याच्या भरवशावर राहणार नाही. प्रवासाला निघण्याआधी तोच डिटेक्टर बॅगेत घालून डिकीत टाकला असता तर आज ही मेल लिहायची वेळ आली नसती, आणि हे तुम्हाला आधी माहीत नव्हतं असंही नाही, स्टेट लाइनच्या अलीकडे वायर काढलीत म्हणजे व्हर्जिनियात बंदी आहे हे ठाऊक होतं.

आता नवीन कोणता घ्यायचा ते याच पोटकलमावरून ठरतं. के बँड, केए बँड (पोलिसांची रडारं ज्यांवर चालतात त्या फ्रिक्वेन्सी), रेंज, ॲप कनेक्शन यांच्या तुलना तुम्ही भरपूर वाचल्यात, त्या वाचा, पण व्हर्जिनिया तुमच्या रस्त्यात असेल तर बॅटरीवाला घेऊ नका, कारण त्याचा पॉवर सोर्स त्याच्या पोटातच असतो आणि पहिली अट तिथेच फसते. बंपरमागे कायमचा बसवलेला तर काढताच येत नाही, दिसत नाही म्हणून तुम्हाला तो सेफ वाटतोय, पण सापडला की त्याच्यासाठी सूटच उरत नाही. म्हणून साधा वायरवाला, काचेवरून झटकन निघणारा घ्या. वायर वेगळी गुंडाळायची, डिटेक्टर डिकीत. तुमची एसयूव्ही आहे, मागच्या सीटवरून हात घातला की सामान मिळतं, तेव्हा तिथे नुसता उघडा ठेवू नका, स्पेअर टायरच्या कप्प्यात किंवा कुलूपबंद बॅगेत ठेवा. वॉशिंग्टन डीसीतही बंदी आहे, तिकडे तर जाताना घरीच ठेवा. जॅमर असलेलं, म्हणजे पोलिसांच्या रडारचं मोजमापच बिघडवणारं मॉडेल मात्र बघूच नका, रडार जॅमरला फेडरल कायद्याने सगळ्या देशातच बंदी आहे. आणि मेव्हण्यांच्या ट्रकमध्ये लावायचा विचार असेल तर १०,००० पाउंडांवरच्या कमर्शियल गाड्यांना १९९४ पासून फेडरल नियमाने डिटेक्टर चालत नाही, स्टेट कुठलंही असो.

पैसे भरून मोकळं होण्याबद्दल. भरले म्हणजे गुन्हा कबूल केला, हे डोक्यात ठेवा. डिटेक्टरच्या समन्सवर लायसन्सच्या रेकॉर्डवर डिमेरिट पॉइंट (वाहतूक गुन्ह्यांचे उणे गुण) लागत नाहीत, तेवढ्यापुरतं भरून टाकणं परवडेलही. पण तुम्ही एवढी मोठी मेल लिहिली आणि स्पीड किती होता हे कुठेच लिहिलं नाही! दुसऱ्या कागदावर, म्हणजे स्पीडच्या तिकिटावर, कलम ४६.२-८६२ छापलंय का ते आत्ता उठून बघा. ताशी ८५ मैलांच्या वर गेलात किंवा लिमिटपेक्षा २० किंवा जास्त, तर व्हर्जिनियात ते रेकलेस (बेदरकार) ड्रायव्हिंग होतं, म्हणजे ७० च्या रस्त्यावर ८६ सुद्धा. तो क्लास १ मिसडिमिनर, म्हणजे त्या वर्गातला सगळ्यात गंभीर फौजदारी गुन्हा आहे, १२ महिन्यांपर्यंत जेल आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. सगळ्यांना जेल होते असं नाही, पण रेकॉर्डवर क्रिमिनल कन्व्हिक्शन येतं, व्हिसावर असाल तर इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय काहीही कबूल करू नका. तो नंबर असेल तर डिटेक्टर विसरा आणि त्या काउंटीत प्रॅक्टिस करणारा ट्रॅफिक वकील आजच गाठा.

समन्स ड्रॉवरमध्ये पडून राहिलं असं सहज लिहून गेलात, ते मला सगळ्यात जास्त खटकलं. त्यावरची तारीख चुकली तर तुमच्या गैरहजेरीतच निकाल लागू शकतो. जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टाने (अशा केसेस आधी चालतात ते खालचं कोर्ट) दोषी ठरवलं, अगदी तुम्ही स्वतः कबूल केलं असलं तरी, वरच्या सर्किट कोर्टात अपील करायला दहाच दिवस असतात, पण तिथे केस नव्याने चालते हा फायदा मोठा आहे. तोवर डिटेक्टर नेमका कुठे होता, वायर कुठे होती, ट्रूपरने तो कुठून उचलला, हे मिसेसना विचारून दोघांनी स्वतंत्रपणे लिहून ठेवा, त्या समोरच बसल्या होत्या, साक्षीला त्याच उपयोगी पडतील.

डिटेक्टर कायमचा सरकारजमा झालेला नाही, पुराव्यासाठी ठेवलाय. काम संपलं की तो परत द्यावाच लागतो, टपालखर्च भरायची तयारी असेल तर तुम्ही सांगाल त्या पत्त्यावर पाठवतात. मात्र मागणी लेखी करा आणि लगेच करा, अपिलाची मुदत संपल्यावर सहा महिने कोणी मागितला नाही तर कोर्टाच्या ऑर्डरने नष्ट करता येतो.