हा गोल तळाचा अरुंद लाकडी रंधा कशासाठी असावा?
आपण वर्णन केलेला साडेनऊ इंची, अरुंद, बहिर्गोल तळाचा रंधा लाकडात गोलसर पन्हळ काढण्याचा जुना इंग्रजी रंधा दिसतो. त्याच क्रमांकाचा अंतर्गोल तळाचा जोडीदार त्याच्याबरोबर असे आणि पूर्ण संचात अशा १८ जोड्या असत. आपल्या रंध्याच्या मागच्या टोकावर कोरलेला ‘८’ हा मापाचा क्रमांक होय. पुढच्या टोकावर एकदाच, पुष्कळदा शहरासह उमटवलेले नाव कारखानदाराचे असते. वेडेवाकडे, पुन्हापुन्हा ठोकलेले नाव मात्र मालक सुताराचे, आणि हत्यार हातोहात फिरल्यामुळे अशी तीन-चार नावेही सापडतात. वरच्या कडांचा उतार रुंद व सपाट असल्यास रंधा बहुधा अठराव्या शतकातला, अरुंद व गोलसर असल्यास नंतरचा. ही नावे व खुणा तपासून होईपर्यंत पॉलिश पेपर मात्र लावू नका, कारण शिक्के पुसले गेले तर ओळख पटवायला फारसे काही उरणार नाही.