वाचकांचे प्रश्न : खिशातला घडीचा चाकू

प्रश्न : परतूर तालुक्यात माझी मोसंबीची बाग आहे. माझ्याजवळ घडीचे तीन चाकू आहेत. एक आजोबांचा, म्हशीच्या शिंगाच्या मुठीचा आणि साध्या पोलादाच्या जाड पात्याचा. दुसरा मुलाने आणलेला आठ क्रमांकाचा ओपिनेल, तोही साध्या पोलादाचाच. आणि तिसरा व्हिक्टोरिनॉक्स. यांत सरस कोणता, हे कसे ठरवावे? आजोबांचा चाकू वापरला तर झिजेल म्हणून घरचे तो कपाटात ठेवायला सांगतात. ते योग्य आहे का?
– एक बागायतदार, जि. जालना

उत्तर : तिन्ही चाकू शेजारी मांडून निरखत बसल्याने यातले काही ठरणार नाही. एकेक चाकू आठवडाभर खिशात ठेवावा आणि त्या आठवड्यात पडेल ते काम त्याच चाकूने करावे. मग खताच्या गोणीची शिलाई उसवायची असो, सुतळी तोडायची असो की दुपारी बांधावर बसून मोसंबी सोलायची असो. यातली मोसंबीची परीक्षा मला सर्वांत खरी वाटते. पातळ पाते सालीखालच्या पांढऱ्या थरातून अलगद फिरते आणि फोडींचा पापुद्रा शाबूत ठेवून साल सोडवते; जाड पाते मात्र पाचरीसारखे आत घुसते, फोड फुटते आणि रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतो. या कामात आपला ओपिनेल पुढे राहील, असा माझा अंदाज आहे. फ्रान्समधल्या साव्वा या डोंगराळ मुलखात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये बनवलेला हा मुळात शेतकऱ्या-कामकऱ्यांचा चाकू आहे. आठ क्रमांकाचे पाते सुमारे साडेआठ सेंटीमीटर लांब आणि चांगले पातळ असते, आणि पाते उघडे असताना ते अडवून धरणारे फिरते कडे १९५५ मध्ये त्याला जोडले गेले.

व्हिक्टोरिनॉक्सची गोष्ट वेगळी आहे. स्वित्झर्लंडमधील इबाखच्या कार्ल एल्सेनर यांनी १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. त्या चाकूत पात्याखेरीज डबा उघडण्याचे, भोक पाडण्याचे आणि रायफलीचे स्क्रू काढण्याचे अवजार असे, आणि आजचे चाकूही त्याच वळणाचे आहेत. म्हणून त्याची तुलना नुसत्या पात्यावर करणे त्याच्यावर अन्याय करण्यासारखे आहे. मोटारीच्या स्टार्टरचा स्क्रू ढिला झाला की त्याची किंमत कळते. शिवाय त्याचे पोलाद सहसा गंजत नसल्यामुळे घाईत न पुसता मिटवला तरी तो रुसत नाही.

आजोबांचा चाकू कपाटात ठेवू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. फळे कापून पाते झिजायला पिढ्या जातात. चुकीच्या हाताने लावलेली धार मात्र ते एका दुपारी संपवते. मी एकदा आठवडी बाजारात माझा जुना चाकू विजेच्या चाकावर धार लावायला दिला होता. ठिणग्या उडताना पाहून मलाही बरे वाटत होते. घरी येऊन पाहतो तो धारेच्या कडेला निळी झाक आलेली. ती झाक आली म्हणजे पोलाद सुमारे तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापले आणि लोहाराने दिलेले पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरले, असे समजावे. अशी धार दोन दिवसांत बोथट होते. आपण घरीच साधा दगड घेऊन, त्यावर पाणी टाकून, सावकाश धार लावावी. पाते दीड सेंटीमीटर रुंद असेल, तर त्याची पाठ दगडापासून साधारण पाच मिलिमीटर उचललेली असावी आणि दोन्ही बाजूंना सारखेच हात बसावेत.

मोसंबीच्या रसाने साध्या पोलादावर राखाडी-निळसर डाग उठतील. ते घासणीने काढण्याचा मोह टाळावा, कारण हा थर तांबड्या गंजाला काही प्रमाणात अडवतो. रस पुसून, पाते कोरडे करूनच चाकू मिटवावा. शिंगाची मूठ आपल्याकडच्या उन्हाळ्यात वाळून तडकते, तेव्हा चैत्र लागला की तिला खोबरेल तेलाचा हात फिरवावा. आणखी एक गोष्ट म्हणजे जुन्या घडीच्या चाकूचे पाते बहुधा पाठीच्या कमानीच्या जोरावरच उघडे राहते, त्याला अडसर नसतो. चपलेच्या पट्ट्याला टोकाने भोक पाडताना असा चाकू माझ्या तर्जनीवर मिटला होता. त्याचा वण अजून आहे. टोक रेटण्याचे काम त्याला सांगू नये. गुळाची ढेप फोडण्याचेही नाही.

प्रश्न : डोळा भरण्याचा, म्हणजे कलम करण्याचा चाकूच रोजच्या कामालाही वापरला तर चालेल का?
– रोपवाटिकेत काम करणारा एक वाचक, अंबड

उत्तर : चालणार नाही. आपला चाकू एकाच बाजूने घासलेला असेल, तर त्याची दुसरी बाजू मुद्दाम सपाट ठेवलेली असते, म्हणजे डोळा काढताना काप सपाट येतो आणि तो जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर, म्हणजे ज्या रोपावर कलम करतात त्यावर, घट्ट बसतो. गोणीच्या दोऱ्याने धारेला एक जरी खाच पडली तरी काप फाटका येतो. शिवाय हा चाकू झाडागणिक निर्जंतुक करावा लागतो. त्याच चाकूने कांदा चिरणे कोणालाच परवडणारे नाही.

प्रश्न : माझ्या चाकूची मूठ लाकडी आहे. पावसाळ्यात पाते इतके घट्ट बसते की नखाने उघडता येत नाही.
– एक वाचक, उदगीर

उत्तर : लाकूड ओल शोषून फुगते आणि पात्याला दोन्हीकडून दाबते. साव्वातले लोक अशा वेळी मुठीचे मागचे टोक टेबलावर ठोकतात. त्या हिसक्याने पाते बोटांत धरण्याइतके वर येते. दाराच्या फटीत घालून ते उचकटू नये. त्यानंतर चाकू उघडा ठेवून दोन-तीन दिवस सावलीत वाळवावा; चुलीजवळ ठेवल्यास मूठ चिरते. पूर्ण वाळल्यावर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि ते मुरून सुकेपर्यंत चाकू खिशात घालू नये. शेंगदाण्याचे तेल सुकत नाही, नुसते चिकट होऊन कापसाचे तंतू धरते. जवसाच्या तेलाचे फडके मात्र चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नये, कारण तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ते दोरीवर पसरून वाळवावे.