लिनक्स कर्नलला पॅच (म्हणजे कोडमधला बदल) पाठवण्याआधी कोडची स्टाइल कशी तपासायची आणि चेकपॅच या स्टाइल तपासणाऱ्या स्क्रिप्टच्या सगळ्या वॉर्निंग शून्यच करायला हव्यात का?

छोटं उत्तर असं की एरर शून्य करा, वॉर्निंग एकेक वाचा, आणि चेक लिहिलेल्या ओळी (त्या स्ट्रिक्ट ऑप्शन दिला की जास्त दिसतात) बघून स्वतः ठरवा. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की ती मार्गदर्शक आहे, माणसाच्या निर्णयाला पर्याय नाही.

पण त्याआधी एक बघा, तुम्ही ती चालवताय कशावर? बरेच नवीन लोक डॅश एफ देऊन अख्ख्या फाईलवर चालवतात, मग दहा वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेल्या ओळींच्या तक्रारी पण अंगावर येतात आणि माणूस त्या सगळ्या सुधारायला बसतो. असं करू नका. गिट फॉरमॅट-पॅचने पॅच काढा आणि त्याच फाईलवर स्क्रिप्ट चालवा, किंवा डॅश जी देऊन थेट कमिटवर चालवा, म्हणजे तुमच्या बदलापुरतंच बोलेल. बगफिक्समध्ये आजूबाजूची जुनी स्टाइल सुधारून घुसडली तर रिव्ह्यू करणाऱ्याला खरा बदल शोधावा लागतो आणि तो बहुतेक वेगळा पॅच करा म्हणूनच परत पाठवतो. फक्त सफाईच करायची हौस असेल तर स्टेजिंग ड्रायव्हर्समध्ये (कर्नलमध्ये अजून पूर्ण तयार नसलेले ड्रायव्हर्स जिथे ठेवतात तो भाग) करा, तिथे ती चालते.

आता ओळीची लांबी, कारण सगळ्यात जास्त डोकेफोड इथेच होते. कर्नल स्टाइलमध्ये टॅब 8 कॅरॅक्टरचा आणि ओळ शक्यतो 80 कॉलमची, पण 2020 मध्ये स्क्रिप्टची वॉर्निंगची मर्यादा 100 केली, त्यामुळे 84 कॉलमची नीट वाचता येणारी ओळ उगाच तोडायची काही गरज नाही. आणि प्रिंटकेमधला (कर्नलच्या लॉगमध्ये मेसेज लिहिणारं फंक्शन) मेसेज तर अजिबात तोडू नका! दोन ओळींत तोडलेली स्ट्रिंग दिसली की स्क्रिप्ट स्वतःच वॉर्निंग देते, कारण लॉगमध्ये एरर दिसल्यावर लोक तेच वाक्य कोडमध्ये ग्रेप करतात, म्हणजे शोधतात, ते कोडमध्ये दोन तुकड्यांत असेल तर सापडणार कसं.

ओळीच्या शेवटी राहिलेली स्पेस, टॅबच्या जागी स्पेस, साइन्ड-ऑफ-बाय (पॅच पाठवण्याचा हक्क आहे असं सांगणारी तुमच्या नावाची ओळ) नसणं, यावर मात्र वाद घालत बसू नका, गपचूप सुधारा. शेवटच्या स्पेससाठी गिट डिफला डॅश डॅश चेक लावलं तरी कळतं, ते प्री-कमिट हुकमध्ये (कमिटच्या आधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) टाकून ठेवा म्हणजे विसरायचा प्रश्नच नाही. कमिट मेसेजची ओळ 75 च्या आत ठेवा, ती पण तपासली जाते.

चुका आपोआप सुधारणारा चेकपॅचचा फिक्स ऑप्शन आहे, पण तो जी नवीन फाईल बनवतो तिच्या नावातच एक्सपेरिमेंटल लिहिलेलं असतं, यावरून काय ते समजा. डिफ बघितल्याशिवाय घेऊ नका.

एकापाठोपाठ अनेक पॅचची सिरीज असेल तर प्रत्येक पॅच वेगळा तपासा, नाहीतर पहिल्यात घाण आणि तिसऱ्यात ती साफ असा प्रकार होतो. आणि मेल क्लायंटमध्ये कॉपी-पेस्ट करून पाठवू नका, बरेच क्लायंट टॅबच्या स्पेस करतात, ओळी मोडतात, मग पॅच लागतच नाही. गिट सेंड-ईमेल वापरा, आधी स्वतःलाच पाठवा आणि आलेल्या मेलवर परत एकदा चेकपॅच चालवा.