एमआरआयमधला 0.42 म्हणजे नस 42 टक्के उरली असं नाही

प्रश्न: माझं वय 46, घरी ब्लाऊज शिवते. वर्षभर उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात, रात्री उठून हात झटकावा लागतो. एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी) 'बॉर्डरलाइन' आली. मग मुलाने 3 टेस्लाच्या (जास्त ताकदीच्या चुंबकाच्या) मशीनवर मनगटाचा एमआरआय करवून आणला, त्यात मीडियन नर्व्हचा (मनगटातून बोटांकडे जाणाऱ्या नसेचा) एफए 0.42, कमी आहे, असं लिहिलंय. म्हणजे नस 58 टक्के गेली का? ऑपरेशन लगेच करू का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: ताई, ते 58 टक्के आधी डोक्यातून काढून टाका. हा आकडा टक्केवारी नाहीच, आणि रिपोर्ट हातात देताना कोणीतरी दोन मिनिटं बसून हे सांगायला हवं होतं, उगाच तुमचा जीव टांगणीला लागला.

नेहमीच्या एमआरआयमध्ये रेडिओलॉजिस्ट चित्र डोळ्यांनी बघून सांगतात की नस सुजलीय, चपटी झालीय वगैरे. क्वांटिटेटिव्ह एमआरआयमध्ये मशीनकडून मोजमाप घेतात. तुमचा एफए (फ्रॅक्शनल अ‍ॅनिसोट्रॉपी) हा डीटीआय (डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग) नावाच्या पद्धतीतून आलाय, ती 1994 मध्ये अमेरिकेत पीटर बासर आणि सहकाऱ्यांनी मांडली, आधी मेंदूसाठी जास्त वापरली गेली आणि मग हातापायांच्या नसांकडे आली. नसेतलं पाणी कुठल्या दिशेला सरकतं ते यात मोजतात. चांगल्या नसेत ते पाटाच्या पाण्यासारखं तंतूंच्या बाजूने सरळ लांबीला सरकतं, आणि दाबामुळे सूज आली, तंतूंवरचं मायलिनचं आवरण बिघडलं की बांध फुटल्यागत आडवंही पसरायला लागतं. एफए 0 ते 1 मध्ये असतो, पाणी सगळीकडे सारखंच पसरलं तर 0, एकाच दिशेला गेलं तर 1. निरोगी माणसाच्या नसेचाही 1 येत नाही, त्यामुळे 0.42 ची तुलना 1 शी करायचीच नाही.

मग कशाशी करायची? इथेच खरी अडचण आहे. सगळ्यांनी मान्य केलेला एकच कट-ऑफ, म्हणजे ज्याच्या खाली आकडा 'कमी' म्हणायचा ती सीमा, अजून नाही, वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळा निघालाय. वय वाढतं तसा एफए कमी होत जातो, मशीन आणि सेटिंग बदललं की आकडा बदलतो. शिवाय मनगटातली ही नस साधारण 10 चौरस मिलिमीटरची, तिच्याभोवती स्क्रीनवर गोल काढून आकडा घेतात आणि त्या गोलात शेजारची चरबी किंवा टेंडन जरासा आला तरी आकडा हलतो. म्हणून सेंटरला विचारा की तुमच्या वयाच्या निरोगी लोकांचे त्याच मशीनवरचे आकडे त्यांच्याकडे आहेत का, गोल नेमका कुठे काढला, आणि टी2 नावाचं दुसरं मोजमाप किती आलं. टी2 मिलिसेकंदात असतो, नसेत पाणी साठलं की वाढतो, पण नस चुंबकाच्या दिशेला 55 अंशांच्या आसपास तिरकी असली तर सूज नसतानाही वाढलेला दिसू शकतो, म्हणून एकट्या आकड्यावर भरवसा नको.

एनसीव्ही बॉर्डरलाइन का, तर ती तपासणी जाड, वेगवान तंतूंचा वेग मोजते. त्यातले पुरेसे शाबूत असले तर त्रास असूनही रिपोर्ट जवळपास नॉर्मल येऊ शकतो. उलट एसीत हात गार पडलेला असला तर वेग उगाच कमी दिसतो, तेव्हा हात गरम करून घेतला होता का तेही विचारा. वेग आणि रचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एमआरआय झाला म्हणून एनसीव्ही वाया गेली असं नाही.

माझं मत स्पष्ट सांगते. तुमची लक्षणं कार्पल टनेलची, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात ही नस दबण्याच्या आजाराची, अगदी ठरलेली आहेत, आणि इतकं स्पष्ट चित्र असताना डीटीआयची गरज फारशी नसते, सोनोग्राफीतही नसेची सूज मोजता येते आणि ती स्वस्त पडते. लक्षणं आणि एनसीव्ही जुळत नसतील, नस नेमकी कुठे दबलीय ते कळत नसेल, किंवा ऑपरेशननंतरही त्रास उरला असेल तर एमआरआय उपयोगाचा. आता केलाच आहे तर सीडी जपून ठेवा, पुढे परत करायची वेळ आली तर त्याच मशीनवर करा, तुमच्याच जुन्या आकड्याशी तुलना सगळ्यात विश्वासाची.

ऑपरेशनचा निर्णय 0.42 वरून होत नाही, हातावरून होतो. बोटं सतत बधीर आहेत का, सुई चिमटीतून सुटते का, अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा बसलेला दिसतो का हे बघा. यातलं काही असेल तर आणखी स्कॅनची वाट न बघता हँड सर्जनला दाखवा. नसेल तर रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट, थायरॉइड आणि शुगरची तपासणी, आणि फरक नाही पडला तर इंजेक्शनबद्दल डॉक्टरांशी बोला.

प्रश्न: कार्पल टनेलचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले, मुंग्या गेल्या, पण एमआरआयमध्ये नस अजून सुजलेली दिसते. ऑपरेशन फसलं का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: नाही हो. दाब सुटला की मुंग्या आधी जातात, नसेची सूज आणि एमआरआयवरची चमक मात्र बरेच महिने राहू शकते. मुंग्या परत आल्या किंवा चिमटीतली ताकद कमी व्हायला लागली तरच सर्जनकडे जा, नुसत्या रिपोर्टसाठी पुन्हा हात उघडायला जाऊ नका.