हात बसत नाहीये, काय करू?

प्रश्न : ताई, मी लॅब टेक्निशियनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. थिअरीत मार्क चांगले पडतात, रक्त काढायच्या सगळ्या स्टेप्स तोंडपाठ आहेत, पण पेशंट समोर बसला की माझेच हात थरथरतात आणि शीर काही सापडत नाही. माझी मैत्रीण पहिल्या झटक्यात काढते. माझ्या हातात हे नाहीच का? सोडून देऊ का?

उत्तर : अगं, सोडतेस कसली! मार्क पडतात ते स्टेप्स आठवतात म्हणून, शीर सापडते ती बोटाला कळते म्हणून, आणि बोटाला तू अजून फारसं काही शिकवलेलंच नाहीस. नवीन मुलं शीर डोळ्यांनी शोधतात, निळी रेघ दिसली की टोच. पण चांगली शीर बऱ्याचदा दिसतच नाही. कोपराच्या खोबणीत तर्जनी ठेवून हलकेच दाबून सोडलं की आतून मऊ उसळी लागते, ती शीर. दोरीसारखं कडक लागलं तर तो टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, ठोके लागले तर धमनी, तिकडे फिरकायचंसुद्धा नाही.

आता हे शिकायला सुई लागते का? नाही ना. मग टुर्निकेट, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, घे, वर्गात जो हात देईल त्याचा हात घे, डोळे मिटून शीर शोध, सोड, पुढचा हात. जाड, बारीक, वय झालेले, सगळे हात चाचपून बघ. फक्त टुर्निकेट एका मिनिटाच्या वर ठेवू नकोस, रक्त साठून राहिलं की रिपोर्टमधले आकडे बदलतात.

दुसरं म्हणजे, बऱ्याच जणांचा घोटाळा सुई आत जाताना होतच नाही, तो होतो त्यानंतर. सुई साधारण १५ ते ३० अंशात व्यवस्थित जाते, रक्त येतं, मग होल्डरमध्ये, म्हणजे सुई बसवलेल्या नळकांड्यात, रक्ताची ट्यूब दाबताना हात पुढे सरकतो आणि सुई शिरेच्या पलीकडे, रक्त बंद. किंवा घाईत टुर्निकेट न सोडताच सुई बाहेर काढतात आणि मग तिथे टेंगूळ येतं, काळंनिळं होतं, पेशंट वैतागतो ते वेगळंच. म्हणून डमी हातावर पूर्ण प्रोसिजर परत परत करत बसण्यापेक्षा नुसता एवढाच तुकडा कर. होल्डर धरलेल्या हाताची बोटं डमीच्या हातावर टेकवायची आणि दुसऱ्या हाताने ट्यूब आत, बाहेर, आत, बाहेर, सुई जागची हलता कामा नये. हात टेकलेला असला की थरथर पण बरीच कमी होते, हे कोणी सांगत का नाही मला कळत नाही.

आणि हे सगळं कोणीतरी बघत असताना कर, मॅडम म्हणा सीनिअर म्हणा. चुकीची सवयसुद्धा प्रॅक्टिसनेच पक्की होते आणि मग ती मोडायला दुप्पट त्रास. मैत्रिणीचं सोड, तिने आधी किती हात चाचपलेत तुला काय माहीत.

प्रश्न : मॅडम, मी नर्सिंगला आहे. आठवडाभर वेळ मिळत नाही, रविवारी एकदम पाच-सहा तास स्किल लॅबमध्ये बसलं तर चालेल का?

उत्तर : काहीच न करण्यापेक्षा बरं, पण मी तरी नाही करणार. २००६ साली छापून आलेला एक अभ्यास आहे, सर्जरी शिकणाऱ्या ३८ डॉक्टरांना बारीक रक्तवाहिन्या जोडायला शिकवलं, दोन्ही गटांना सेशन तेवढेच, चार, फक्त एकाला सगळे एकाच दिवशी आणि दुसऱ्याला आठवड्याला एक. महिन्याने परीक्षा घेतली तर आठवड्यावारी शिकलेले सरस निघाले. तेव्हा रोज वीस मिनिटं काढा, जमत नसेल तर एक दिवसाआड.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी सीपीआरचा, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला वाचवायचा, कोर्स केला, सर्टिफिकेट आहे. मित्र म्हणतो परत कर. खरंच गरज आहे का? सगळं आठवतंय मला.

उत्तर : आकडे आठवत असतील, १०० ते १२० दाब मिनिटाला, खोली ५ ते ६ सेंटीमीटर, ३० दाबांनंतर २ श्वास. पण हाताला आठवतंय का ते बघा. सरावाशिवाय हे कसब काही महिन्यांतच ढिलं पडायला लागतं, आणि दोन वर्षं झालीत तुम्हाला. ५ सेंटीमीटर म्हणजे किती जोर लावायचा हे अंदाजाने कळत नाही, बहुतेक लोक कमीच दाबतात, आणि चालत्या-बोलत्या माणसाच्या छातीवर सराव करता येत नाही, त्याला डमीच लागते. सीपीआरची ती प्रसिद्ध डमी १९६० मध्ये नॉर्वेतल्या ऑस्मुंड लेर्दाल या खेळणी बनवणाऱ्या माणसाने तयार केली. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची हे तर दमल्यावर हमखास राहतं, म्हणूनच दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदलायला सांगतात. तेव्हा मित्राचं ऐका, आणि घरी उशीवर करून बघतो म्हणाल तर नको, उशीत खोलीचा काही पत्ता लागत नाही. खोली आणि वेग दाखवणारी डमी जिथे असेल तिथेच जा.