हवानात पत्ते कसे शोधायचे आणि कुठला भाग कसा आहे?

वेदादो या भागापासून सुरुवात करा, तिथलं गणित सगळ्यात सोपं आहे. समुद्राला समांतर जाणाऱ्या रस्त्यांना विषम नंबर, आडव्या रस्त्यांना पासेओ नावाच्या मोठ्या रस्त्याच्या एका बाजूला ए, बी, सी अशी अक्षरं आणि दुसऱ्या बाजूला सम नंबर, त्यामुळे "२३ नंबर, एल आणि एमच्या मधे" एवढं कळलं की झालं, माणूस बरोबर पोचतो. २३ आणि एलच्या कोपऱ्यावरच कोपेलिया आहे, १९६६ पासूनचं आइस्क्रीमचं पार्लर, रांग असली तरी थांबा.

सेंत्रो हवानात मात्र गोंधळ होतो, कारण रस्त्याच्या पाटीवर एक नाव आणि लोकांच्या तोंडी दुसरंच. पाटीवर आवेनिदा दे इतालिया लिहिलंय पण सगळे गालियानोच म्हणतात, सिमोन बोलिवारला रेइना, साल्वादोर आयेंदेला कार्लोस तिसरा, म्हणून दोन्ही नावं लिहून ठेवा आणि विचारताना जुनंच विचारा.

जुनं हवाना १९८२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, चौक खरंच देखणे आहेत, ओबिस्पो रस्त्यावर गाड्या नसतात म्हणून चालायला मस्त, पण गर्दी फार. मला विचाराल तर ओबिस्पो सोडून दोन गल्ल्या आत शिरा, वाळत घातलेले कपडे, दारात बसलेली म्हातारी माणसं, खरी वस्ती तिथे दिसते. सेंत्रोतल्या पडक्या इमारतींना बघून घाबरू नका हो, फक्त जुन्या बाल्कन्यांच्या खालून चालू नका, त्यांचे तुकडे खरंच पडतात. मिरामार शांत आहे, वकिलातींचा भाग, पण लांब पडतं.