शाली बोहारणीला दिल्या, आता मी कोण?

प्रश्न : मी ५९ वर्षांची. ३४ वर्षं नोकरी करून गेल्या वर्षी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. अजूनही पहाटे पाचला उठते, निऱ्यांना पिन लावून साडेनऊला तयार होऊन बसते, आणि जायचं कुठेच नसतं. दिवाळीआधी कपाट आवरताना सत्काराच्या शाली निघाल्या. मोजल्या, ४१ भरल्या. दारात बोहारीण आली होती. एकही मागे न ठेवता सगळ्या तिला दिल्या आणि एक स्टीलचं पातेलं घेतलं. मुलगा चिडला, सून गप्प झाली. मला मात्र त्या रात्री गाढ झोप लागली, आणि त्याचीच नंतर भीती वाटली. भाचीने मोबाइलवर बारा आदिबंधांची, म्हणजे सगळ्या माणसांच्या मनात असणाऱ्या मूळ प्रतिमांची, व्यक्तिमत्त्व चाचणी करून घेतली. पहिलं आलं ‘संगोपक’, दुसरं ‘विध्वंसक’. दोन्ही मीच कशी? परवा स्वप्न पडलं : शाळेतली एक खोली बंद आहे, किल्ली माझ्या हातात आहे, आत कोणी मुलगी गाते आहे आणि मी बाहेरून दरडावते आहे, ‘शांत बसा!’ लोक सांगतात, अहंकार सोडा म्हणजे आत्म्याची ओळख पटेल. अहंकार संपवायचा कसा? एखाद्या शिबिराला जाऊ का?
– निवृत्त मुख्याध्यापिका, तासगाव तालुका

उत्तर : ताई, तुमचं नाव मला पाकिटाच्या मागे, पिनकोडच्या वर सापडलं. पत्राखाली तुम्ही सही केलीत ती हुद्द्याची. पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा माझी नजर तिथेच अडकली.

आधी ‘अहंकार’ हा शब्द बाजूला ठेवू या. आपल्याकडे अहंकार म्हणजे ताठा, तोरा, जाळून टाकायची गोष्ट. आदिबंधांची कल्पना मानसशास्त्रात आणली ती कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाने, आणि तो लिहायचा जर्मनमध्ये. इंग्रजी पुस्तकांत जिथे ‘ईगो’ छापलेलं असतं, तिथे त्याचा शब्द आहे ‘इश’. म्हणजे साधा ‘मी’. दूध उतू जायच्या आत गॅस बंद करणारी, विजेचं बिल भरणारी, किल्ली कुठे ठेवली ते लक्षात ठेवणारी मी. तिला संपवायचं नाही. ती संपली तर आत उतरणार कोण आणि परत वर येणार कोण?

हे युंगने स्वतः भोगलेलं आहे. १९१३ साली मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्याशी त्याचं कायमचं तुटलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, आगगाडीत बसलेला असताना, उत्तर समुद्रापासून आल्प्सपर्यंतचा युरोप पुरात बुडाल्याचं दृश्य त्याला जागेपणी दिसलं. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी त्याने विद्यापीठातलं शिकवणं सोडलं. दुपारचं जेवण झालं की रोगी यायच्या आधी तळ्याकाठी जाऊन तो लहान मुलासारखी दगडांची घरं रचायचा, त्यात एक चर्चसुद्धा. आपल्याला वेड लागतंय की काय, ही धास्ती त्याला होतीच. म्हातारपणी सांगितलेल्या आठवणींत तो म्हणतो की त्या दिवसांत त्याला तगवलं ते अगदी साध्या गोष्टींनी : माझ्याकडे डॉक्टरकीची पदवी आहे, मला बायको आणि पाच मुलं आहेत, मी क्युसनाख्ट गावात झेश्ट्रासं रस्त्यावर २२८ नंबरच्या घरात राहतो. हे तो मनाशी घोकायचा. आत्म्याच्या शोधात सगळ्यात खोल गेलेला हा माणूस, आणि हातात धरून ठेवला होता घराचा पत्ता! म्हणून तुमची पहाटे पाचची जाग, निऱ्यांची पिन हे काहीही सोडू नका. तो तुमचा पत्ता आहे.

गल्लत झाली ती वेगळ्या ठिकाणी. आपण जगाला जो चेहरा दाखवतो, त्याला युंगने ‘पर्सोना’ म्हटलं. जुन्या रोमन नाटकातल्या मुखवट्याचा हा लॅटिन शब्द. आपल्या बहुरूप्याला आपण जाणतो. तो पोलीस होऊन दारात येतो, दरडावतो, पैसे घेतो आणि घरी गेल्यावर टोपी खुंटीला लावतो. तुमची टोपी ३४ वर्षं खुंटीला लागलीच नाही. याचा दोष तुम्हाला देत नाही. शाळा चालवायची तर ती लागतेच, आणि तुमच्या हाताखालून गेलेल्या मुलांचं त्यात भलंच झालं असणार.

आता त्या चाचणीबद्दल. बारा आदिबंधांची ही मांडणी युंगची नव्हे. कॅरल पिअर्सन या अमेरिकन लेखिकेने १९९१ मध्ये ती लोकांपुढे आणली. बाराचे तिने चार-चारचे तीन गट केले. ‘मी’ घडवणाऱ्या पहिल्या गटात निष्पाप, अनाथ, योद्धा आणि संगोपक येतात. आत्म्याकडे नेणाऱ्या दुसऱ्या गटात शोधक, विध्वंसक, प्रेमी आणि सर्जक. उरलेले चार परतीच्या वाटेवरचे. तुमच्या यादीत संगोपकानंतर विध्वंसक आला म्हणून तुम्ही दचकलात. मी तर तो योग्य वेळी आला असं म्हणेन. अशा चाचण्यांवर माझा फारसा भरवसा नाही, आज एक येतं आणि पोटदुखीच्या दिवशी दुसरं. पण ४१ शाली आणि त्यानंतरची गाढ झोप, ही चाचणीपेक्षा मोठी साक्ष आहे. तुम्ही घर मोडलं नाहीत, मुद्दाम कुणाला दुखवलं नाहीत. जे अंगावर चढवलं गेलं होतं तेवढंच उतरवलंत. मुलाला वाईट वाटलं, कारण त्या शालींत त्याची आई होती. त्याच्याशी एकदा निवांत बोला.

माझी एक गोष्ट सांगते. मी घरातली मोठी सून. गौरी जेवणाच्या दिवशी चौदा पानं, पुरणपोळ्या माझ्याकडे. वयाच्या ४९ व्या वर्षी, ऐन दुपारी, लाटणं हातात असताना हात थांबला. मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसले. परातीतल्या कणकेवर खपली धरली तरी उठवेना. माझी धाकटी जाऊ दुपारी मासिक घेऊन लोळायची आणि मी वीस वर्षं तिला मनात आळशी म्हणत आले होते. तीच उठली, कणकेला तेलाचा हात लावून मळून घेतली आणि न बोलता पोळ्या लाटल्या. त्या पायरीवर मला कळलं की तिच्यातलं जे मला इतकं खुपायचं, ते लोळणं, ते मासिक, तेच मी स्वतःला कधी दिलं नव्हतं. युंग याला ‘छाया’ म्हणतो. छायेत वाईटच असतं असं नाही. जे आपण जगलोच नाही तेही तिथेच साठतं. तुम्हाला कुणाचं काय खुपतं, ते आठ दिवस लिहून काढा. नावं नकोत, फक्त गुण.

शिबिराचं म्हणाल तर हौस असेल तर जा. युंग १९३७-३८ च्या हिवाळ्यात भारतात आला होता, पण साधुपुरुषांना भेटायचं त्याने मुद्दाम टाळलं. दुसऱ्याला गवसलेलं आपण उसनं घेऊ नये, अशी त्याची धारणा होती. मी तितकी कडक नाही. मात्र आधी घरातलं काम करा असं मला वाटतं, कारण तुमचं स्वप्न घरीच आलेलं आहे. आणि एक : झोप, भूक उडाली, दोन-तीन आठवडे कशातच जीव रमेना, तर ते आध्यात्मिक समजून अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

स्वप्नाचा अर्थ मी सांगणार नाही. त्या खोलीत मी गेलेले नाही. पण युंग काय करायचा ते सांगते. स्वप्नात भेटलेल्या फिलेमोन नावाच्या म्हाताऱ्याशी तो जागेपणी, बागेत येरझाऱ्या घालत बोलायचा. तुमच्याकडे तर किल्लीही आहे. साडेनऊला तयार होऊन बसताच, तेव्हाच डोळे मिटा आणि मनाने त्या दारापर्यंत जा. दरडावू नका. थोडा वेळ नुसतं ऐका, कोणतं गाणं आहे ते. मग दार उघडा आणि तिला नाव विचारा. ती काय म्हणाली ते मला कळवायची गरज नाही, शाळेतली एखादी कोरी वही उरली असेल तिच्यात लिहून ठेवा.